बिनकुळाचं झाड

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या शिबिरात, ‘लोक जैवविविधता नोंदवही आणि बायका’ या सत्रात केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा.)



मला या सत्रात कायद्यातल्या तरतुदी सांगायला बोलावलं आहे. त्या मी सांगेनच. पण आधी एका झाडाची हकीकत सांगणार आहे. हे झाड आपल्याकडचं नाही, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं आहे. तुम्ही म्हणाल, समाजकार्य शिकलेल्या बाईचा परदेशातल्या झाडांशी काय संबंध? झाडांशी फारसा नाही, पण नोंदींशी मात्र माझा रोजचा संबंध आहे. सर्वेक्षणाचे फॉर्म, रेशनकार्ड, सातबारा, पोलीस ठाण्यातली डायरी. एखादी गोष्ट असणं आणि ती नोंदीत असणं यांत किती अंतर असतं, हे आपण सगळ्याच जाणतो. या झाडाच्या बाबतीत ते अंतर जवळजवळ पन्नास वर्षांचं आहे. ते का पडलं आणि कुणी कापलं, हे समजून घेतलं तर आपल्या गावातली नोंदवही कशी भरायची हेही आपोआप कळेल, म्हणून हा घाट.

झाड दिसतं, पण कुठे बसत नाही

पेरूमध्ये अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या उतारापासून अॅमेझॉनचं सदाहरित जंगल सुरू होतं. तिथे १९७३ मध्ये मानू राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं. पुढे १९८७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याच १९७३ साली रॉबिन फॉस्टर हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथल्या संशोधन केंद्रापासून निघालेल्या पायवाटेने जात असताना त्यांना एक लहानसं झाड दिसलं. उंची साधारण वीस फूट. फळं नारिंगी, कागदी कंदिलासारखी. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचं अगदी चिमुकलं रूप म्हणा. पिकलं की रसाळ, आत काही बिया. फॉस्टर यांनी पानं-फळं तोडून घेतली, दाबून वाळवली आणि सोबत नेली.

वनस्पतिशास्त्रात ओळख पटवण्याच्या तीन पायऱ्या आपल्या कामापुरत्या पुरेत: कुल, प्रजाती आणि जाती. ‘जाती’ म्हटल्याबरोबर आपल्या मनात वेगळंच काहीतरी येतं, पण इथे त्याचा अर्थ फक्त एका प्रकारची झाडं. आंबा, काजू आणि बिब्बा यांचं कुल एक, प्रजाती वेगवेगळ्या. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. म्हणजे आडनाव आधी, नाव नंतर.

फॉस्टर यांना एरवी झाडाकडे नजर टाकली की कुल कळायचं. या झाडाचं मात्र कळेना. एक लक्षण या कुलाचं, दुसरं त्या कुलाचं. त्यांनी ज्यांना ज्यांना नमुना दाखवला त्यांनीही डोकं खाजवलं. आता यात गंमत अशी की, कुणाला ओळखता येत नाही म्हणून ते झाड ‘नवं’ ठरत नाही. नवं ठरवायचं तर त्याच्या जवळच्या सगळ्या ज्ञात झाडांशी तुलना करून, ते त्यांच्यापेक्षा कशात वेगळं आहे हे दाखवावं लागतं. जवळचे कोण हेच माहीत नसेल तर तुलना कोणाशी करणार? म्हणजे झाड जुनंही नाही आणि नवंही नाही. ते फक्त कपाटात आहे.

नव्या जातीच्या वर्णनाचे नियमही कडक आहेत. एक वाळवलेला नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून जाहीर करावा लागतो आणि तो वनस्पती-संग्रहालयात कायमचा जपावा लागतो. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेच्या कार्यालयात असे नमुन्यांचे कप्पे आहेत. कुणाला जमलं तर जरूर पाहून या. पानांची मांडणी, फुलाचे भाग, फळ, बी यांचं मापांसकट वर्णन करून ते छापावं लागतं. आणि भाषा? २०११ सालापर्यंत नव्या जातीचं अधिकृत वर्णन लॅटिनमध्येच द्यावं लागे. २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालतं. झाड ज्या माणसांच्या दारात उभं आहे त्यांच्या भाषेतलं वर्णन कितीही अचूक असलं तरी या नियमाने ते वर्णन ठरत नाही. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खणच नव्हता

१९९० मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नॅन्सी हेन्सोल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ नोकरीला लागल्या. फॉस्टर यांनी त्यांना तो वाळलेला नमुना दाखवला. बाईंनी चिकाटीने प्रयत्न केले. फुलातला बीजकोश उकळून, उलगडून पाहिला. परागकणांची छायाचित्रं घेतली. तरी काही उलगडा होईना. नमुना परत कप्प्यात गेला.

आज मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट दिसते. हे झाड शेवटी ज्या कुलात बसलं त्याचं नाव पिक्रॅम्निएसी. पण हे कुल स्वतंत्र म्हणून मांडलं गेलं ते १९९५ मध्ये. त्याआधी त्यातल्या वनस्पती दुसऱ्याच एका कुलात धरल्या जात. म्हणजे १९९० मध्ये हेन्सोल्ड बाई ज्या कपाटात शोधत होत्या, त्या कपाटात हे झाड ठेवायला खणच केलेला नव्हता. वर्गीकरण अपुरं होतं आणि बिनकुळाचं मात्र झाड ठरलं होतं.

आपल्याला हे ओळखीचं नाही का? कामाच्या ठिकाणी वरिष्ठाकडून होणारा लैंगिक छळ १९९७ च्या आधी होत नव्हता का? होतच होता. पण तक्रार घेऊन गेलेल्या बाईला विचारलं जायचं की हे नेमकं कशात बसतं? विनयभंगात बसत असेल तर तसं लिहा, नाहीतर ‘ऑफिसातलं आपसातलं’ आहे. राजस्थानात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालाने त्या छळाला पहिल्यांदा नाव, व्याख्या आणि तक्रारीची जागा मिळाली. कायदा व्हायला २०१३ उजाडलं. अन्याय जुना होता, खण नवा करावा लागला. तो बायकांनी भांडून करून घेतला.

म्हणून माझं सांगणं असं आहे की, जेव्हा एखादी गोष्ट ‘कशातच बसत नाही’ असं सांगितलं जातं, तेव्हा आधी कपाट तपासावं.

कोड्याच्या मागे लागलेल्या बायका

तो नमुना कप्प्यात वर्षानुवर्षं पडून राहिला. असं एकट्या त्याचंच झालं असंही नाही. १९७० ते २०१० या काळात वर्णन झालेल्या तीन हजारांहून अधिक वनस्पतींच्या नव्या जातींचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या जाती फक्त १६ टक्के निघाल्या. जवळजवळ चौथा हिस्सा जातींच्या बाबतीत नमुना पन्नास वर्षांहून जुना होता. ‘नवीन शोध’ म्हणून जे वर्तमानपत्रात येतं, त्यातलं बरंचसं असं जुन्या कपाटांतून निघालेलं असतं.

पण कपाटातून ते आपणहून बाहेर येत नाही. कुणीतरी त्याचा पिच्छा पुरवावा लागतो. हेन्सोल्ड यांनी तो पुरवला. ज्या वनस्पतीला कुणी कुलात बसवू शकत नाही ती दोन फळ्यांच्या फटीत पडून हरवते, आणि तिच्याबद्दल आपल्याला वाईट वाटायचं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. पुढे संशोधनाला पैसे मिळाले, ते त्या संग्रहालयाच्या महिला मंडळाने उभे केलेले. महिला मंडळ म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना हे अवश्य सांगा.

जुन्या वाळलेल्या पानातून डीएनए मिळवायचा प्रयत्न झाला. तो फसला. ताजा नमुना हवा होता, आणि तो शिकागोत बसून मिळणार नव्हता. मानूच्या जंगलात वर्षानुवर्षं झाडांची पाहणी करणाऱ्या एक शास्त्रज्ञ होत्या, पॅट्रिशिया अल्वारेझ-लोआयझा. त्यांना निरोप गेला. त्यांनी ते झाड शोधून काढलं आणि नमुना मिळवून दिला.

रिक री या शास्त्रज्ञाने डीएनए तपासून कुल सांगितलं, तेव्हा हेन्सोल्ड यांचा विश्वासच बसेना. नमुन्यात भेसळ झाली असणार, असं त्या म्हणाल्या. मग नमुने गेले न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या वेट थॉमस यांच्याकडे. ते या कुलाचे जाणकार. त्यांनाही पहिल्या नजरेत काही साम्य दिसेना. फुलं जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. ती फुलं बारकाईने पाहिली तेव्हा कुठे नातं दिसलं. २०२१ मध्ये ‘टॅक्सॉन’ या नियतकालिकात वर्णन छापून आलं आणि झाडाला नाव मिळालं: एनिग्मानू अल्वारेझिए. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘मानूचं कोडं’. ते एवढं वेगळं होतं की त्याच्यासाठी जातीच नव्हे, प्रजातीही नवी करावी लागली.

नाव कुणाचं, कोडं कुणाचं?

दुसरा शब्द अल्वारेझ-लोआयझा यांच्या सन्मानार्थ आहे. शेवटी ‘ए’ आहे, तो लॅटिनमधला स्त्रीलिंगी प्रत्यय. पुरुषाच्या नावावरून असतं तर शेवट ‘इ’ने झाला असता. रानात पायपीट करणाऱ्या बाईचं नाव झाडाला लागलं, याचा आनंद आहे, कारण नेहमी असं घडत नाही. आपल्या अंगणातली बोगनवेल घ्या. ती फ्रेंच जहाजाच्या कप्तानाच्या, बोगनव्हिलच्या, नावाने ओळखली जाते. १७६६ मध्ये निघालेल्या त्या सफरीत कॉमेर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याची मदतनीस जान बारे ही पुरुषाचा वेष घेऊन जहाजावर चढली होती, कारण फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर बायकांना बंदी होती. आजारी कॉमेर्सनच्या बरोबरीने तिने वनस्पती गोळा केल्या, ओझी वाहिली. पुढे त्याच्या नावावरून सत्तरहून अधिक जाती ओळखल्या जाऊ लागल्या. तिच्या नावाने त्याने एक नाव ठेवलं होतं, पण ते टिकलं नाही. अखेर २०१२ मध्ये पेरू-इक्वेडोरच्या सीमाभागातल्या, वांग्या-बटाट्याच्या प्रजातीतल्या एका नव्या जातीला तिचं नाव मिळालं. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षांनी.

पण मानूच्या झाडाबाबत मला इथेच थांबता येत नाही. ते जंगल रिकामं नव्हतं. तिथे मात्सिगेंका आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. उद्यान झाल्यावर बंदुकीने शिकार करायची नाही असे निर्बंध त्यांच्यावर आले, हे सगळं आपल्या अभयारण्यांतल्या गावांना सांगायला नको. तर हे मात्सिगेंका लोक हे झाड वापरत आले आहेत. संग्रहालयाने काढलेल्या प्रसिद्धीपत्रकातच ही गोष्ट आहे, पण कंसातल्या एका वाक्यात. झाडाच्या नावात ‘कोडं’ हा शब्द आहे. कोडं कुणाला पडलं होतं? ज्यांना झाडाचा उपयोग माहीत होता त्यांना खासच नाही. कपाटवाल्यांचं अज्ञान झाडाचा गुण म्हणून नोंदलं गेलं आणि जाणकारांचं ज्ञान कंसात गेलं.

मी शास्त्रज्ञांना दोष देत नाही. त्यांनी कष्ट केले, आणि निदान ते वाक्य लिहिलं. पण नोंदीचा नियमच असा आहे की त्यात वापरणाऱ्यांना जागा नाही. आणि नियम माणसांनी केलेले असतात, म्हणजे ते बदलता येतात. जुलै २०२४ मध्ये माद्रिदला जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना हिणवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका शिवीवरून दोनशेहून अधिक वनस्पतींची शास्त्रीय नावं पडली होती. आपल्या पांगाऱ्याची एक आफ्रिकी बहीण त्यात होती. ती नावं बदलायचा ठराव दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठात काम करणाऱ्या दोघांनी, एस्त्रेला फिगेरेदो आणि गिडियन स्मिथ यांनी, मांडला होता. मतदान झालं, विरोधही झाला, आणि ठराव मंजूर झाला. ‘शास्त्रात राजकारण आणू नका’ असं सांगणाऱ्यांना विचारावं, ती शिवी तिथे आणली कुणी?

नावाने झाड वाचतं का?

नाव लागल्याने होतं काय? मुख्य म्हणजे झाड मोजणीत येतं. २०२२ मधल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे की पृथ्वीवर झाडांच्या सुमारे ७३,००० जाती असाव्यात आणि त्यांतल्या जवळजवळ ९,२०० जातींचं वर्णन अजून झालेलं नाही. या अज्ञात जातींचा सर्वांत मोठा वाटा दक्षिण अमेरिकेत आहे. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ४७,२८२ जातींचं मूल्यमापन जाहीर केलं. त्यांतल्या ३८ टक्के जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. पण या यादीत यायला आधी नाव लागतं. बिननावाचं झाड धोक्यात आहे असं म्हणायचीही सोय नाही. ते तोडलं गेलं तर काय गेलं हेही कुणी सांगू शकत नाही.

मात्र नाव म्हणजे कवच नव्हे. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये एबो नावाचं वर्षावन आहे. तिथल्या बानेन लोकांचं हे पिढीजात रान. २०२० मध्ये सरकारने ते लाकूडतोडीला द्यायचं ठरवलं. बानेन लोकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. त्यांच्या बाजूने हॉलिवूडचा नट लिओनार्डो डिकॅप्रिओ बोलला. ऑगस्टमध्ये सरकारने निर्णय मागे घेतला. जानेवारी २०२२ मध्ये त्याच जंगलातल्या, आपल्या सीताफळाच्या कुलातल्या एका नव्या झाडाला शास्त्रज्ञांनी डिकॅप्रिओचं नाव दिलं. छोटंसं झाड, खोडावरच पिवळट हिरवी फुलं येणारं, पन्नासहूनही कमी संख्येने सापडलेलं. पण २०२३ मध्ये सरकारने तिथे लाकूडतोडीला पुन्हा वाट करून दिली. म्हणजे नावही झालं, नटाचं झालं, तरी रान सुरक्षित झालं नाही. नोंद हे हत्यार आहे. ते हातात धरायला संघटित माणसं लागतात.

आपली नोंदवही

आता आपल्याकडे येऊ. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. २००४ च्या नियमांनी समितीतल्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात असं सांगितलं. बरीच वर्षं यातलं फारसं काही झालं नाही. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न पाळणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरायला सांगितलं. देशभर घाईने समित्या झाल्या, घाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेली नोंदवही कशी असते ते तुम्ही जाणता. सही कुणाची, माहिती कुठल्या पुस्तकातली, आणि समितीतल्या बाईला आपण सदस्य आहोत हे ठाऊक तरी आहे का?

रानभाज्या कुठे आणि कधी येतात, कुठलं फळ उकळून पाणी टाकल्यावर खाता येतं, बाळंतिणीला काय चालत नाही, कुठलं सरपण धूर कमी करतं, हे ज्ञान बहुतेक बायकांकडे असतं. पण विचारायला गेलं की त्या म्हणतात, ‘आम्हाला काय कळतंय?’ आणि विचारणाराही ओसरीवर पुरुषांशी बोलून परत जातो. मानूच्या झाडाने आपल्याला जे शिकवलं ते इथे कामी येतं. म्हणून माझ्या काही सूचना.

एक, समितीत असलेल्या बायकांनी नोंदवही मागून घ्यावी आणि ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवायला लावावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच तीतल्या चुका जास्त कळतील.

दोन, माहिती ओसरीवर घेऊ नका. बायकांबरोबर रानात जा, त्यांच्या वेळेला जा, आणि वर्षातून एकदाच जाऊन भागणार नाही. झाड ओळखायला फूल आणि फळ दोन्ही लागतं.

तीन, झाडाचं नाव आधी त्या बाईच्या बोलीत लिहा. मग मराठी आणि शास्त्रीय नाव. शास्त्रीय नाव मिळालं नाही म्हणून नोंद गाळू नका. जे कशातच बसत नाही ते ‘इतर’मध्ये ढकलू नका, त्याला स्वतंत्र पान द्या आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.

चार, माहिती सांगणारीचं नाव तिला चालत असेल तर लिहा. पूर्ण लिहा. ‘गावातील महिला’ असं कुणाचं नाव नसतं.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: काय लिहायचं नाही हेही त्यांनाच ठरवू द्या. औषधी झाडाची जागा आणि कृती दोन्ही लिहिली की तो व्यापाऱ्याला नकाशा होतो. कायद्याने समितीला बाहेरून येऊन व्यापारासाठी वनस्पती नेणाऱ्यांकडून शुल्क घेता येतं. पण हा अधिकार जिला माहीत नाही तिच्याकडून तो वापरला जाणार नाही. म्हणून आधी अधिकार सांगा, मग माहिती विचारा.

गटचर्चेसाठी तुम्ही आपापल्या गावच्या नोंदवह्यांच्या झेरॉक्स आणल्या आहेत. त्यात बायकांची नावं किती, स्थानिक नावं किती आणि कोरी पानं किती, एवढं आत्ता मोजू. ज्यांना अजून नोंदवही मिळालेली नाही त्यांनी ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जाचा मसुदा इथेच लिहून, सह्या करून घेऊन जावं.